सवत सरनोबत

आमच्या घरात दुसरी बाई शिरली आहे हे मला पटकथेच्या एका पानावर कळलं.

पानावर यमुना सरनोबतचं वाक्य छापलेलं होतं. वाक्य चांगलं होतं, आणि ते मला कुणी विचारलेलं नव्हतं.

'कक्षेबाहेर' ही मालिका न पाहिलेली माणसं महाराष्ट्रात थोडीच असतील, त्यांच्यासाठी सांगते. 'गोमती' नावाचं अंतराळयान, त्याची कप्तान यमुना सरनोबत, आणि वाटेत भेटणारे ग्रह. एवढ्या भांडवलावर ही मालिका वीस-बावीस वर्षं चालली. तिच्या पोटातून आणखी दोन मालिका निघाल्या, शिवाय मुलांची दप्तरं, डबे आणि टोप्या निघाल्या त्या वेगळ्याच. यमुना मी करते. माझं नाव वृंदा केळुसकर, पण कोल्हापुरात भाजीवालीसुद्धा मला कप्तान म्हणून हाक मारते आणि तरी शिळी मेथी गळ्यात मारते. मालिका लिहितो तो माझा नवरा, जयवंत.

जयवंतच्या लिहिण्याची एक पद्धत होती. प्रसंग रंगात आला आणि यमुनाचं महत्त्वाचं वाक्य जवळ आलं की तो कागदावर तेवढी जागा मोकळी सोडायचा, उठून स्वयंपाकघरात यायचा आणि विचारायचा, "वृंदा, यमुना काय म्हणेल?" मी गवार मोडत असायचे नाहीतर भाकरी थापत असायचे. हातातलं काम न थांबवता मी सांगायचे. एकदा कुठल्याशा ग्रहावरचे लोक युद्धाला उभे राहिले होते आणि याला पुढे काही सुचत नव्हतं. मी म्हटलं, ती म्हणेल, "आधी जेवून घ्या, मग लढू." ते वाक्य पुढे पोरांच्या टीशर्टांवर आलं. श्रेयनामावलीत माझं नाव फक्त अभिनयाखाली असायचं, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटत नसे. विचारायला तो माझ्याकडेच यायचा ना, मला तेवढं पुरत होतं.

नव्या पर्वाच्या पटकथेत मोकळी जागा एकही नव्हती. मी जयवंतला विचारलं, हे वाक्य कुठून आलं. तो म्हणाला, सुचलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला काय सुचतं आणि काय सुचत नाही हे बायकोला नेमकं ठाऊक असतं. मी त्याच्या नव्या सहायक लेखिकेवर नजर ठेवली. ती बिचारी एवढी घाबरली की माझ्यासाठी चहात आलं जास्त घालून आणू लागली. मग मला शंका आली की ती निर्दोष आहे, आणि दुसऱ्या दिवशी तिला एकटीला गाठून विचारलं तर ती गोंधळून म्हणाली, "ताई, तुम्हाला माहीत नाही? सर सरनोबतबाईंना विचारतात की."

सरनोबतबाईंना. जणू ती शेजारच्या खोलीत राहत होती.

तशी ती राहतच होती. स्टुडिओच्या मागच्या इमारतीत डॉक्टर अस्मा मुजावर यांची प्रयोगशाळा होती. मी तिला पाहिलं होतं, पण ती प्रकाशयोजनेचं काही करते असा माझा समज होता. अस्मा चाळिशीची, शांत, समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेणारी बाई. तिने मला खुर्ची दिली आणि सगळं नीट समजावून सांगितलं, त्यामुळे मला तिच्यावर रागावताही येईना.

चेहऱ्याची आणि आवाजाची नक्कल करणं आता शिळं झालं आहे. ते कोणत्याही लग्नाच्या चित्रणवाल्याला जमतं. भाषा शिकलेली यंत्रं पुढचा शब्द कसा ओळखतात तेही आता शाळकरी मुलं सांगतात. अस्माचं यंत्र पुढचा शब्द ओळखत नाही, पुढचा निर्णय ओळखतं. तिचं म्हणणं असं की माणूस बोलतो ते सगळ्यांत शेवटी. त्याआधी तो श्वास कुठेतरी धरतो, नजर कुठेतरी वळवतो, एखादा शब्द ओठांवर आणून गिळतो. निर्णय तिथेच झालेला असतो, वाक्य मागाहून येतं. एखाद्या व्यक्तीचं हजारो तासांचं चित्रण मिळालं, प्रक्षेपित झालेलं आणि कापून टाकलेलंही, तालमी आणि तालमींतली भांडणंही, की त्यातून या व्यक्तीचा कल कोणत्या पेचात कुठे जातो याचा नकाशा तयार करता येतो. जमिनीचा उतार माहीत असला की पाणी कुठे जाणार ते सांगता येतं, तसं. नवा पेच दिला की यंत्र उतार बघतं, निर्णय सांगतं, आणि मग तो त्या व्यक्तीच्या शब्दांत मांडणं ही किरकोळ बाब राहते.

याला ते 'स्वभाव-प्रतिरूप' म्हणत होते. गरजही खरी होती. तीन मालिका, लेखकांच्या तीन चमू, शेकडो भाग. यमुना एका मालिकेत शाकाहारी आणि दुसरीत मासे खाताना दिसली की प्रेक्षक महिनाभर आमची सालटी काढायचे.

अस्माने प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा निर्माते नेजकर, आमचा दिग्दर्शक आणि जयवंत असे सगळे हजर होते. तिने एक पेच टंकित केला: शत्रूने तहाचं बोलावणं पाठवलं आहे, कप्तान काय कळवेल? ध्वनिवर्धकातून माझा आवाज आला. "त्यांना कळवा, आम्ही येतो आहोत." मग शांतता. बराच वेळ शांतता. आणि मग, "रिकाम्या हातांनी."

सगळ्यांच्या तोंडून वाहवा निघाली. दिग्दर्शक म्हणाला, हा विराम बघा, शेवटच्या शब्दाआधी तिने किती जड विराम घेतला, इतकी वर्षं मी ताईंकडून हाच मागत होतो.

माझे मात्र कान तापले. तो विराम मी ओळखला. तो माझ्या कुकरच्या शिट्टीएवढा होता. स्वयंपाकघरात बोलताना शिट्टी झाली की मी अर्ध्या वाक्यात थांबते, शिट्टी संपू देते आणि उरलेला शब्द बोलते. सेटवर कुकर नसतो. स्वयंपाकघरातलं माझं बोलणं या यंत्रात आलं कुठून, असं मनात म्हणत मी जयवंतकडे पाहिलं, तर तो टेबलाचा कोपरा निरखत होता.

पहिल्या पर्वापासून तो माझी उत्तरं फोनवर ध्वनिमुद्रित करत आला होता. टेबलापाशी परत जाईपर्यंत शब्द विसरू नयेत म्हणून. हे मला ठाऊक होतं. ती सगळी ध्वनिमुद्रणं त्याने अस्माला देऊन टाकली, हे ठाऊक नव्हतं. अस्माच्या यंत्रणेने त्यांतला गोंगाट साफ केला. शिट्ट्या गेल्या, माझं थांबणं राहिलं. त्यातून यंत्राने धडा घेतला की यमुना सरनोबत महत्त्वाच्या शब्दाआधी दीर्घकाळ गप्प राहते.

मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. अस्मा ओशाळली आणि म्हणाली, मॅडम, दोन दिवसांत काढून टाकते. नेजकरांनी हात हलवला. "असू दे की ओ ताई. लोकांना गोड लागतंय ते. वाटल्यास तुम्हीच घ्या तसा विराम, काय बिघडलं?"

म्हणजे आता मी तिची नक्कल करायची होती.

घरी आल्यावर मी जयवंतला धारेवर धरलं. आपल्या स्वयंपाकघरातलं बोलणं तू उचलून परक्यांना देतोस, मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही का. तो आधी म्हणाला, तू दमतेस, तुला त्रास नको म्हणून. मग म्हणाला, कामं वाढली आहेत, तीन मालिकांची वाक्यं तुला विचारत बसलो तर तुझी भाकरी करपेल. मी काहीच मानत नाही म्हटल्यावर त्याने खरं काय ते सांगितलं.

"तिला विचारलं की ती माझ्यावर चिडलेली नसते गं."

मी चिडलेलीच होते.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगायला लाज वाटत नाही. मी जळत होते. जयवंत अभ्यासिकेत बसून तिच्याशी बोलायचा आणि मी दाराला कान लावून उभी राहायचे. एकदा आतून त्याचं हसणं ऐकू आलं. पोटातून येणारं, मान मागे टाकून हसलेलं. ते हसू ओळखीचं होतं, कारण ते एके काळी मी काढायचे. दुसऱ्या बाईने माझ्या नवऱ्याला नादी लावलं असतं तर निदान ती माझ्याहून तरुण आहे, लबाड आहे, असं काहीतरी म्हणता आलं असतं. ही तर माझेच शब्द, माझाच आवाज आणि माझंच डोकं घेऊन आली होती, वरून माझे गुडघे दुखायचे आणि हिला गुडघेच नव्हते.

मी न विचारता उत्तरं देऊ लागले. जेवताना म्हणायचे, त्या धूमकेतूच्या प्रसंगात यमुना असं म्हणेल बघ. जयवंत मान डोलवायचा, लिहून घ्यायचा, आणि पटकथेत ते नसायचं. त्याने तिचं आणि माझं शेजारी ठेवून तिचं निवडलं असणार, हे मला न सांगता कळायचं. मी सेटवर तिची वाक्यं बोलायचे. बोलताना ती तोंडात इतकी सहज बसायची की त्या सहजपणाचाच संताप यायचा.

अशातच नेजकरांनी मला बोलावून, भरपूर आदरसत्कार करून, हे माझं शेवटचं पर्व असल्याचं सांगितलं. यमुना मात्र पुढे चालणार होती. चेहरा आणि आवाज वापरायची परवानगी मी केव्हाच आनंदाने देऊन बसले होते, तेव्हा सगळेच देत. कायदा चेहऱ्याचा आहे, आवाजाचा आहे. स्वभावाचा नाही. स्वभाव पात्राचा आणि पात्र कंपनीचं. म्हणजे मी घरी बसायचं आणि तिने माझा चेहरा लावून, माझ्या नवऱ्याने लिहिलेलं, तिनेच त्याला सुचवलेलं बोलत पुढची वीस वर्षं काढायची.

माझ्या हातात एकच गोष्ट होती. 'कक्षेबाहेर'चे दोन रिवाज आहेत, दोन्ही जयवंतनेच पहिल्या पर्वात घालून दिलेले. एक, मेलेलं पात्र परत येत नाही, भूत म्हणून नाही, स्वप्नात नाही, जुळी बहीण म्हणूनही नाही. दोन, एखाद्या पात्राच्या जिवाचा निर्णय व्हायचा असेल तर लेखकांच्या टेबलावर पहिला शब्द ते पात्र करणाऱ्याचा. याला आम्ही 'पहिला शब्द' असंच म्हणतो, आणि तो आजवर कुणी डावललेला नाही. नेजकरही नाहीत, कारण प्रेक्षकांना हे दोन्ही रिवाज पाठ आहेत.

शेवटच्या भागाचा पेच टेबलावर आला. 'गोमती' एका विझलेल्या ताऱ्याच्या ओढीत सापडली आहे. बचावाच्या होड्या सुटेपर्यंत कुणीतरी सुकाणूपाशी थांबून यान स्थिर धरायला हवं. जो थांबेल त्याच्या वाचण्याची खात्री नाही. कप्तान काय करेल?

मी तयारीनिशी गेले होते. मला यमुनाला मारायचं होतं. मला मिळणार नसेल तर ती कुणालाच मिळू नये, एवढा साधा हिशेब. मी उभी राहिले आणि म्हणाले, कप्तान थांबेल. सगळ्यांना होड्यांत बसवेल, सुकाणू धरेल आणि यानाबरोबर जाईल. मी तिचं शेवटचं भाषणही करून दाखवलं. चांगलं केलं. सहायक लेखिकेने डोळे पुसले. दिग्दर्शक खिडकीतून बाहेर बघू लागला. नेजकरांचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला बघून मला जे समाधान झालं ते इतक्या वर्षांत कुठल्या पुरस्काराने झालं नव्हतं.

जयवंत म्हणाला, पहिला शब्द झाला. रिवाजात दुसरा शब्द कुणाचा हे लिहिलेलं नाही. आणि त्याने अस्माकडे पाहून मान हलवली.

ध्वनिवर्धकातून माझा आवाज आला. "मी पहिल्या होडीतून जाईन. सुकाणू उपकप्तान धरेल, तिला ते येतं. मी थांबले तर सगळे माझ्याकडे बघत राहतील." मग तो विराम. "होड्यांकडे कोण बघणार?"

भाषण नाही, अश्रू नाहीत, आणि यमुना सरनोबत अख्खी खोलीत उभी होती. कप्तानाने यान सोडून आधी जायचं, लोकांच्या शिव्या खायच्या, पण माणसं वाचवायची. हे मी कधी बोलले नव्हते. स्वयंपाकघरात नाही, सेटवर नाही. हे नवं होतं आणि तरी तंतोतंत तिचं होतं. मला सुचायला हवं होतं, आणि पूर्वीच्या मला ते भाकरी थापता थापता सुचलंही असतं. आताची मी त्या प्रसंगात कप्तानाकडे बघत बसले होते. होड्यांत माणसं आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. खोटं बोलता आलं असतं. पहिला शब्द माझा होता, अडून बसले असते तर त्यांना ऐकावं लागलं असतं.

"तिचं बरोबर आहे," मी म्हणाले.

यमुना वाचली. अस्माने नंतर येऊन माझा हात धरला. नेजकरांनी पेढे मागवले.

माझ्या निरोपाचा कार्यक्रम स्टुडिओतच, 'गोमती'च्या सेटवर, भर दुपारी ठेवला होता. आमची सगळी मंडळी होती आणि लांबून लांबून आलेले प्रेक्षक होते. निघण्यापूर्वी जयवंतने माझ्या हातात एक छापील कागद दिला. माझं निरोपाचं भाषण. तो म्हणाला, तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून तयार करून घेतलं, वाचून बघ, अगदी तुझंच वाटेल. तयार कुणाकडून करून घेतलं हे विचारायची गरज नव्हती.

मी वाचलं. "यमुना माझी कधीच नव्हती, ती तुम्हा सगळ्यांची होती. आज ती मोठ्या घरी निघाली आहे आणि मी भरल्या मनाने, आनंदाने तिची पाठवणी करते." पुढेही असंच, डौलदार, उदार, एकही शब्द हलवता येणार नाही असं. आणि त्यात मी कुठेच नव्हते. यमुनाने एखादी मोहीम संपवावी तसं ते होतं. त्या यंत्राला वृंदा केळुसकर नावाचं कुणी ठाऊकच नव्हतं. कसं असणार? सेटवर मी यमुनाच असायचे, आणि त्याच्यात घातलेल्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला जयवंतचा प्रश्न होता आणि प्रत्येक प्रश्न यमुनासाठी होता. एकाही दिवशी तो स्वयंपाकघरात येऊन वृंदा काय म्हणते, असं विचारून गेला नव्हता.

मी उगाच त्या यंत्रावर जळत होते. सवत ते नव्हतंच. सवत बावीस वर्षं माझ्याच ओट्यापाशी उभी होती, मीच तिला बोलायला शिकवत होते, आणि तिचं कौतुक झालं की मला वाटायचं माझं झालं.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी कागद पर्समध्ये टाकला आणि ध्वनिक्षेपकापाशी गेले.

"मला यमुनाचा हेवा वाटतो," मी म्हणाले. काही जणांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना ते विनोदाचं वाटलं. मी थांबले नाही. "माझ्या नवऱ्याने इतकी वर्षं तिचं मत विचारलं. मी मधे उभी होते म्हणून मला वाटलं मलाच विचारतो आहे. ती शहाणी आहे, उदार आहे, ती कधी चिडत नाही. मी चिडते. मी आनंदाने तिची पाठवणी करत नाही. मला वाईट वाटतं आहे आणि रागही आला आहे. तुम्ही तिच्यावर प्रेम केलंत, ते तिला पोचेलच. मला घरी जायचं आहे."

टाळ्या थांबल्या होत्या. मी पायऱ्या उतरून गाडीकडे चालू लागले. मागून जयवंत धावत आला.

गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे रस्त्याकडे बघण्याचं निमित्त दोघांनाही नव्हतं. तो म्हणाला, यातलं एक अक्षरही तिने सांगितलं नसतं. मी म्हटलं, नसतंच. तो म्हणाला, आणि मलाही सुचलं नसतं. मी म्हटलं, तेही माहीत आहे.

"मग आता सांग," तो म्हणाला. "तू काय म्हणतेस?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. माझ्याबद्दल सांग."

मी तोंड उघडलं. उत्तर लगेच जिभेवर आलं. नेमकं होतं, थोडं खोचक, आणि शेवटी क्षमा करणारं. छापायला द्यावं असं. ते यमुनाचं होतं. मी ते गिळलं. दुसरं आलं, तेही तिचंच.

"थांब," मी म्हटलं, "मला वेळ लागेल."

गाडी घरासमोर येऊन उभी राहिली, दारं आपोआप उघडली. तो उतरला नाही, तसाच बसून राहिला, आणि मी शोधत राहिले.